बिनडोक डबडी आन् फारूखची मान

…आन् वरून मलाच म्हणतात, खंडेराव, डोकं शांत ठेवा! अहो, कुणाचं डोकं? तिथं कॉम्प्युटरची वीस डबडी मांडलेली, एकाच्याही आत डोकं नाय, सगळ्यांत मिळून डोकं एकट्या माझं, आन् तेच म्हणं शांत ठेवा! बसा, बसा की, दुकानाच्या पायरीवर लई जागा हाये. चहा सांगितलाय. पण आधी माझं ऐकून घ्या, कारण सकाळपासून अख्ख्या शहागंजात बोंब उठलीय की वरच्या मजल्यावर खंडेरावनं फारूखचा मुडदा पाडला. साफ खोटं! फारूख जिवंत हाये, चांगला वर बसलाय. मान जरा लाल झालीय, गिळताना दुखतं म्हणतो, पण गिळतोय ना? मी मारकुटा माणूस नाय, तुम्हाला सांगतो. माझ्यावर वेळ आणली जाते.

आता तुमच्यातल्या ज्यांना ठाऊक नाय त्यांच्यासाठी. वर माझा टायपिंगचा क्लास हाये आन् खाली हे फारूखचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. फारूख आन् मी पहिलीपासून एका बाकावर. मास्तर मारायचे ते दोघांना एकदमच, कुणी केलं हे विचारायला वेळ कुणाला होता? तर हा फारूख मला एक दिवस म्हणला, 'खंडू, बीस डब्बे में बीस विंडोज काहेकू रखता रे? पोट्टे आते, गेम डालते, व्हायरस डालते, फिर तू उनकू मारता. डिस्कच निकाल डाल. एक सर्व्हर रख, सब उसके भरोसे चलेंगे.' मला पटलं हो! मोडायलाच काय ठेवलं नाय तर पोरं मोडणार काय? काढल्या सगळ्या डिस्क. वीसच्या वीस डबडी बिनडोक केली आन् सगळी अक्कल कोपऱ्यातल्या एका सर्व्हरमधी ठेवली.

म्हणजे होतं कसं बघा. सकाळी बटण दाबलं की डबड्याला काय म्हणजे काय आठवत नाय. आपण कोण, कुठं, कशासाठी, काय नाय! मग ते वायरीतनं हाक मारतं, 'ओ, कुणी हाये का? माझं नाव काय? माझा पत्ता काय?' आन् कोपऱ्यातनं सर्व्हर म्हणतो, 'हाये रं बाबा, तू सात नंबर, हा घे तुझा पत्ता, हे घे विंडोज, लाग कामाला.' सगळ्या वायरी मधी एका पेटीत येतात, तिला स्विच म्हणतात. पेटीला ओळीनं भोकं, एका भोकात एक वायर, आन् प्रत्येक भोकापाशी बारीक हिरवा दिवा. बस, एवढंच. वर्षभर गाडी अशी सुरळीत चालली की मी फारूखच्या हाताचे मुके घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

आन् यंदा पहिल्यांदा, माझ्या क्लासला परीक्षेचं केंद्र मिळालं! पोरांनी परीक्षेला दुसरीकडं जायचंच नाय, जिथं शिकले तिथंच पेपर द्यायचा. आज, अकरा वाजता. अट एकच. बाई तपासायला येणार, त्यांना वीसच्या वीस कॉम्प्युटर चालू दिसले पाहिजेत. नाय दिसले तर केंद्र रद्द, पोरांची परीक्षा गेली पुढच्या हंगामात आन् कुठल्यातरी दुसऱ्याच जिल्ह्यात. मग माझ्याकडं शिकायला येणार कोण? माशा? आमची ती आमरीन, सिल्लोडची पोरगी, रोज यष्टीनं ये-जा करून तिनं चाळीसची स्पीड बसवली, आन् तिच्या घरच्यांनी साफ सांगितलेलं, परीक्षा शहागंजात असंल तर जा, दुसऱ्या गावाला आम्ही पाठवणार नाय. ती पोरगी केव्हाची जिन्यात येऊन बसलेली, मांडीवर बोटं नाचवीत. मांडीवर टायपिंग करत होती हो!

पण ते नंतर. मी सकाळी आलो तेव्हा माझ्याआधी आई येऊन गेलेली. बानाबाई, माझी आई. आमचा बाप मेंढरं राखायचा, तेव्हापासून तिला पहाटेच उठायची सवय. आज परीक्षेची सायबीण येणार म्हणून तिनं फरशी पुसलेली, उंबऱ्याला हळद-कुंकू लावलेलं, सर्व्हरला झेंडूचा हार घातलेला, वर उदबत्ती. कुठं एक कागदाचा कपटा नाय. माझं मन असं प्रसन्न झालं, म्हणलं आजचा दिवस आपला हाये! देवाचं नाव घेतलं आन् एकेक बटण दाबत गेलो.

काळं. सगळं काळं! दौलताबादच्या किल्ल्यात ती अंधारी हाये ना, वाटाड्या मशाल विझवून दाखवतो, तसं काळं. आन् त्या काळ्यात वर कोपऱ्यात पांढरी इंग्रजी अक्षरं, डीएचसीपी, म्हणजे तेच, 'माझा पत्ता काय?', आन् पुढं टिंब. टिंब… टिंब… टिंब… मग शिवी हासडल्यासारखा एक नंबर येतो, म्हणजे कुणीच उत्तर दिलं नाय, आन् परत पहिल्यापासून टिंब… टिंब… वीस डबडी आन् वीसांच्या तोंडात टिंब! अहो, मी टायपिंगचा मास्तर. टिंब कुठं द्यायचं आन् कुठं थांबायचं हे मी पोरांना शिकवतो, आन् ही डबडी मला टिंबं शिकवायला लागली!

मी मारकुटा माणूस नाय, तुम्हाला सांगतो. पहिल्या डबड्यावरनं मी नुसता हात फिरवला. दुसऱ्याला टपली मारली. तिसऱ्याच्या कानाखाली काढली… डबड्याला कान कुठं असतो विचारू नका, बाजूला जाळी असते तिथं. सातव्याला गुडघा घातला. बाराव्याला दोन्ही हातांनी धरून असं गदागदा हलवलं, 'बोल! तुझं नाव काय, बोल!' आन् ते म्हणतंय टिंब. मग एक माऊस शेपटीला धरला, डोक्याभोवती गरागरा फिरवला आन् दिला भिंतीवर. एक कीबोर्ड मांडीवर घेतला, त्याचे दोन झाले. जादाचा होता! परीक्षेचा नव्हता. मला तेवढं भान असतं.

मग डोकं चालवलं. हां, मी डोकंपण चालवतो! सर्व्हर बंद केला, परत चालू केला. सर्व्हर ठणठणीत, नवरदेवावानी हार घालून बसलेला. सगळ्या डबड्यांच्या मागच्या वायरी उपटल्या, फुंकर मारली, परत खोचल्या. टिंब. शेवटी स्विचकडं बघितलं, तर त्याचे सगळे हिरवे दिवे लुकलुक, लुकलुक, सगळे एकदम, एका तालात, थांबायचं नाव नाय. म्हणलं वा रं पठ्ठे, हा एकटा गडी जीव तोडून काम करतोय, ह्याला काय बोलायचं नाय. अख्ख्या खोलीत एकट्या त्याला मी हात लावला नाय. कुणावर हात उचलावा हे मला कधी कळलंच नाय बघा.

लावला फारूखला फोन. आता सकाळी फारूख कुठं असतो? नान-खलियाच्या ताटासमोर. म्हणतो, 'हौ, आरा मैं, दो निवाले रह गए.' अहो, माझं केंद्र चाललं आन् ह्याचे दोन निवाले! मी शांतपणे सांगितलं, फारूख, तू आत्ताच्या आत्ता आला नायस तर मी तिथं येतो, तुला त्या पातेल्यात बुडवतो आन् वरनं झाकण ठेवतो. तर आला. बोटं चाटत आला. जिन्यात आमरीननं त्याला विचारलं, 'चाचा, पेपर होगा ना?' आन् हा काय म्हणाला माहितीय? 'होता बेटा. तेरे सर कू जरा बांध के रखते, फिर सब होता.' मी ते वरनं ऐकलं. कानशिलातली शीर तिथंच उडायला लागली.

वर आला तो लई शांतपणे आला. तेच तर माझ्या डोक्यात जातं! पिशवीतनं लॅपटॉप काढला, मांडी घालून बसला आन् म्हणला, 'मेरी वायर किधर है?' आता त्याची म्हणून एक वायर आम्ही कायमची स्विचला लावून ठेवलेली असते. एक टोक स्विचमधी आन् दुसरं टोक मोकळं लोंबत, म्हणजे हा आला की ते लॅपटॉपला लावायचं आन् आत काय चाललंय ते बघायचं. पण तुम्हीच सांगा, वीस डबडी मरून पडलीत, बाई कुठल्याही क्षणाला येतील, आन् ह्याला स्वतःची वायर पाहिजे! मी असा ओरडलो, असा ओरडलो, की समोरच्या बांगडीवाल्यानं दुकानातनं बाहेर येऊन वर बघितलं. वायर वायर काय करतो, आधी डबडी बघ! बिचारा म्हणला, 'जैसा तू बोल.'

मग त्यानं एक डबडं उचललं, सर्व्हरपाशी नेलं आन् मधल्या स्विचला वगळून सरळ सर्व्हरलाच जोडलं. बटण दाबलं. एक टिंब… दोन टिंब… आन् विंडोज! निळंभोर विंडोज! मला रडू आलं हो. मग वायरी होत्या तशा परत स्विचला लावून फारूख म्हणला, सर्व्हर चांगला, डबडंही चांगलं, गडबड बीच में है. आता बीच में काय हाये? स्विच! आन् स्विच दिला कुणी? फारूखनं!

तेवढ्यात चहाची किटली घेऊन आई दारात. माझं तोंड बघून म्हणली, काय झालं रं? म्हणलं आई, कुणीतरी घात केलाय, आन् ज्यानं केलाय त्याचे दोन्ही हात खांद्यापासून उपटून ह्या पंख्याला टांगतो का नाय बघ. आई म्हणली, 'टांग बाबा. पण आधी च्या घे.'

चहा कुणाला सुचतोय! मी मारकुटा माणूस नाय, तुम्हाला सांगतो, मी फारूखला नीट विचारलं. कॉलर धरून विचारलं, पण नीट. म्हणलं, जुनाट स्विच नवा म्हणून मला चिकटवलास, व्हय का नाय? म्हणतो, नवा होता, अम्मी की कसम. म्हणलं अम्मीला मधी घेऊ नको. तर म्हणतो, 'तू रोज लाथा मारतो, टेबलं आपटतो. डब्बे क्या करेंगे? तेरे डर से अपना नाम भूल गए.' आन् जिन्यातली सगळी पोरं हसली. माझी पोरं! मी शिकवलेली! आमरीन तेवढी नाय हसली, ती रडायला आलेली. तिच्याकडं बघितलं आन् माझं डोकंच सटकलं.

आता पहिली कुणी मारली यावर आमच्या दोघांत मतभेद हायेत, ते सोडा. मी त्याला ढकललं, तो खुर्चीवरनं उलटा गेला, खुर्ची माझ्या नडगीवर आली, मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला, त्यानं माझा सदरा धरला, बटणं ताडताड उडाली. मी त्याला बगलेत दाबला तर त्यानं माझ्या दंडाला चावा घेतला. चावला! पंचेचाळिशीचा माणूस, दाढीत पांढरं, आन् चावतो! हे बघा दात. वास घ्या, अजून खलियाचा येतोय. किटली उडाली, गरम चहा माझ्या पायावर, त्या भाजलेल्या पायानं मी त्याला लाथ घातली ती लागली टेबलाला, मी एका पायावर नाचतोय आन् हा माझ्या पाठीवर चढला. दोघं गडगडत गेलो ते कोपऱ्यात, स्विचच्या खाली. मी वर, तो खाली. हाताला काय मिळतंय म्हणून मी चाचपतोय, तर वायर लागली. दिला हिसडा, सटकन् निघाली, आन् तिचा घातला एक वेढा फारूखच्या मानेला, मग दुसरा वेढा, आन् ओढली. 'बोल! नवा का जुना? बोल!'

बोलतोय कसला. त्याचं तोंड निळं पडायला लागलं. मी घाबरलो हो! बालपणापासूनचा दोस्त, एकुलता एक, मेला म्हणलं आता! पटकन् वायर सैल केली. तरी तोंड निळंच. हात बघितले तर माझेही निळे. भिंत निळी. मी मान वळवून मागं बघतो तर एकामागनं एक डबडी जागी होतायत, तिसरं, नववं, दहावं, निळं निळं विंडोज, सगळी खोली उजळलेली… वीसच्या वीस! आन् दारात संध्या मॅडम. परीक्षेच्या बाई. खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली, त्यांच्या मागं जिनाभर पोरं, आन् पुढं मी, सदरा उघडा, फारूखच्या छातीवर गुडघा, मुठीत वायर. मी तसाच म्हणलो, 'या मॅडम. सगळं चालू हाये.' दुसरं काय म्हणणार होतो?

त्या काय बोलायच्या आधी खालनं फारूखचा घोगरा आवाज आला, 'खंडू, हिलू नक्को. ये वायर का दूसरा सिरा किधर है?' मी बघितलं. एक टोक माझ्या मुठीत, मधली वायर ह्याच्या मानेला, आन् दुसरं टोक वर स्विचमधीच. फारूख स्विचला बांधून घातलेला! आन् मी जे टोक उपटलं ते निघालं होतं कुठनं? त्याच स्विचमधनं! म्हणजे वायर एक आन् तिची दोन्ही टोकं एकाच पेटीत. फारूख खोकत खोकत हसायला लागला. त्यानं समजावलं तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. डबडं विचारतं माझं नाव काय, ती हाक पेटीत शिरते, ह्या भोकातनं निघून वायरीतनं त्या भोकात, तिथनं परत ह्या भोकात, गरागरा, गरागरा, वीस डबड्यांच्या हाका नुसत्या त्या वायरीत फिरतायत, वाढतायत, आन् त्या गर्दीत सर्व्हरपर्यंत धड एक पोचत नाय! ते हिरवे दिवे लुकलुकत होते ते काम नव्हतं हो, तो गोंगाट होता. 'मेरीच वायर है ये,' फारूख म्हणला. 'सुबह से येच तो मांग रहा था मैं.'

मग ते मोकळं टोक खोचलं कुणी? मी उभा राहिलो. म्हणलं, कोण हाये तो? आत्ता पुढं या. आन् आई सांडलेला चहा पुसत होती, तिनं मान वर केली.

'मी खोचलं. काहून?'

काहून म्हणं! म्हणली, सकाळी झाडताना बघितलं, दावं मोकळं लोंबतंय, शेजारी भोक रिकामं होतं, दिलं लावून. आता तुम्हाला नाय कळायचं, पण आमच्या घरी मेंढरामागं फिरणारी माणसं. जनावर सोडलं की दावं गुंडाळून टोक खुंटीला अडकवायचंच. मोकळं दावं लोंबतं ते फक्त जनावर मेल्यावर. त्यामुळं आईला कुठलंही मोकळं टोक बघवतच नाय. घरात चार्जर लोंबताना दिसला की ती त्याचं टोक टीव्हीच्या मागं कुठंतरी खोचून येते, मिक्सरची वायर मिक्सरच्याच भांड्यात घालून ठेवते. आज तर पोराच्या केंद्राचा पहिला दिवस! आज दारात अपशकुन कशाला, म्हणून तिनं आठवणीनं, नीट, टक असा आवाज येईपर्यंत दाबून बसवलं होतं. माझ्यासाठी हो! माझं भलं व्हावं म्हणून! आन् मी काय म्हणलो होतो? मी वर पंख्याकडं बघितलं. आईनंपण पंख्याकडं बघितलं.

मग ती उठली. पदर खोचला. फारूखपाशी गेली, त्याच्या मानेचे वेढे एकेक करून सोडवले, वळ बघितला, त्यावर फुंकर घातली. म्हणली, लेकरा, लई दुखतंय का रं? आन् तो लबाड, आत्तापर्यंत दात काढत होता, रडवेलं तोंड करून म्हणतो, 'नाय मावशी. श्वास घेतानाच जरा.' मावशीनं पायातली काढली. प्लॅस्टिकची असते ना, पावसाळी, ती. आन् सगळ्यांच्या देखत, वीस कॉम्प्युटरांच्या उजेडात, 'माणसाच्या… गळ्यात… दावं… घालतोस?' शब्दाला एक. वाक्य संपलं तरी थांबली नाय, पुढचं वाक्य सुरू केलं. तुम्हाला सांगतो, मिनिटाला चाळीसची स्पीड होती आन् एक चूक नाय!

संध्या मॅडमनी सगळं होऊ दिलं. मग आत आल्या, सगळ्या स्क्रीनवरनं नजर फिरवली, घोटभर पाणी प्यायल्या. मी टेबलामागनं म्हणलं, मॅडम, मी मारकुटा माणूस नाय. जिन्यात आमरीननं ओढणीचं टोक तोंडात धरलेलं. मॅडम म्हणल्या, 'मशीन सगळी चालू आहेत. केंद्र मी रद्द करत नाही. मुलांना आत घ्या.' माझ्या डोळ्याला पाणीच आलं, मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर त्या दोन पावलं मागं सरकल्या. म्हणल्या, 'मात्र परीक्षा संपेपर्यंत खंडेराव, तुम्ही हा जिना चढायचा नाही. इथं शिस्त राखायला कुणीतरी जबाबदार माणूस हवं.' आन् इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग आईकडं बघून म्हणल्या, 'या तुमच्या कोण?'

तर आता वर माझा क्लास हाये, माझं केंद्र हाये, दारावर पाटी माझ्या नावाची हाये. ऐका, खडखड ऐकू येतीय ना? ती खिडकीपाशी आमरीन. काय सुटलीय पोरगी! फारूख सर्व्हरपाशी खुर्ची टाकून, मानेला आईनं बांधलेलं हळदीचं फडकं. आन् दारात स्टुलावर आई, एक चप्पल पायात, एक हातात. एवढ्या पोरांत कुणी शेजारच्याच्या स्क्रीनकडं बघंल, बिशाद हाये का? घ्या, चहा आला. प्या. पण हसायचं असंल तर जरा हळू हसा हो, वर आवाज गेला तर आई खाली येईल.